अपात्र, पण कशामुळे?

तहसील कार्यालयातून येणाऱ्या पत्राची ठेवण वर्षानुवर्षे तीच आहे. वर जावक क्रमांक आणि तारीख, खाली विषय, मग दोन-तीन संदर्भ आणि शेवटी अडीच ओळींचा मजकूर: उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, आपले प्रकरण समितीसमोर ठेवण्यात आले असता आपण योजनेच्या निकषांत बसत नसल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. त्याखाली सही आणि शिक्का. कोणता निकष, तो कुठल्या कागदावरून तपासला, चूक झाली असेल तर कुणाकडे जायचे, किती दिवसांत जायचे, यांपैकी काहीच त्यात नसते. ‘निकाली’ या शब्दाने तर घोटाळा आणखी वाढतो. काम निकालात निघाले म्हणजे झाले, असे समजून पुढचे तीन-चार महिने बँकेत खेटे घालणारी माणसे प्रत्येक तालुक्यात भेटतात.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजारांवर दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतल्या गरीब कुटुंबांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना हा मोठा आधार आहे. 1980 साली, अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झालेली ही योजना. दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अनुदान सप्टेंबर 2025 च्या मंत्रिमंडळ निर्णयाने 1,500 वरून 2,500 रुपये झाले. ज्या घरात औषधे, किराणा आणि वीजबिल या रकमेवर चालते, त्या घरात आलेले नामंजुरीचे पत्र हा साधा पत्रव्यवहार नसतो. ते कसे लिहिले जाते, कसे वाचावे आणि कायदा त्याबद्दल काय म्हणतो, याचा एकत्रित विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही.

या सगळ्या गोंधळाचे मूळ मला एका गोष्टीत दिसते. ‘अपात्र’ हा एक शब्द असला तरी त्यामागे निर्णय तीन असतात आणि ते तीन वेगळ्या ठिकाणी होतात. अपंगत्व किती टक्के, हे रुग्णालयातले मंडळ ठरवते. उत्पन्न, वय, रहिवास हे महसूल खाते तपासते. पैसे कोणत्या खात्यात जाणार, हे आधार आणि बँकेच्या जोडणीवर ठरते. पत्र मात्र येते ते शेवटच्या खिडकीवरून, आणि माणूस त्याच खिडकीशी भांडत बसतो. टक्केवारीची तक्रार घेऊन तहसीलदारांकडे गेलेला अर्ज कितीही कळकळीने लिहिलेला असला तरी तिथे त्याचे काही होऊ शकत नाही, कारण टक्का बदलण्याचा अधिकार तहसीलदारांना नाही. म्हणून पत्र हाती आले की आपल्याला कोणत्या निर्णयाने अडवले आहे, हे आधी ठरवायला हवे.

पहिला निर्णय वैद्यकीय. सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत, म्हणून थोडे थांबून पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला आणि त्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मान्य केले. पण यादीत नाव असणे आणि लाभाला पात्र असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक लाभांसाठी किमान 40 टक्के लागतात. एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेली आणि दुसरा डोळा चांगला असला, तर केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते 30 टक्के धरले जाते. ‘एक डोळा गेला म्हणजे निम्मे अपंगत्व’ हा आपला हिशोब तिथे चालत नाही. कानांचेही तसेच. ऐकू न येण्याची कायद्यातली व्याख्या दोन्ही कानांवर उभी आहे, दोन्हींत किमान 60 डेसिबलची हानी लागते. एका कानाने अजिबात ऐकू येत नसलेला माणूस त्या व्याख्येत बसत नाही. हे निकष योग्य आहेत का, यावर वाद घालता येईल, घालायलाही हवा. पण तो वाद धोरणाचा आहे, मंडळाच्या चुकीचा नाही. पत्रात एवढी एक ओळ असती तर माणसाचे हेलपाटे वाचले असते.

दोन अपंगत्वे असली की टक्के बेरजेने वाढतात, हा दुसरा समज. प्रत्यक्षात एक सूत्र आहे: मोठ्या टक्क्यात लहान टक्का जसाच्या तसा मिळवायचा नाही, तर नव्वदातून मोठा टक्का वजा करायचा, उरलेल्याने लहान टक्क्याला गुणायचे, नव्वदने भागायचे आणि जे येईल ते मोठ्या टक्क्यात मिळवायचे. एकाचे 60 आणि दुसऱ्याचे 45 असतील तर एकूण 75 होतात. हे ज्याला कुणी सांगितलेले नाही, तो ‘माझे 105 टक्के होतात, तुम्ही 75 लिहिले’ म्हणून रागावला तर त्याचा राग समजण्यासारखा आहे. आणि हे 75 आणखी एका ठिकाणी आडवे येतात. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेला 80 टक्के आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब, अशा दोन अटी आहेत. राज्याच्या संजय गांधी योजनेला 40 टक्के पुरतात. दोन्ही योजनांचे काम त्याच तहसील कार्यालयातून, बऱ्याचदा त्याच टेबलावरून चालते. ‘80 टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व असल्याने अपात्र’ असे पत्र आले, तर ते केंद्राच्या योजनेपुरते असते. राज्याच्या योजनेचे दार त्याने बंद होत नाही. अशा पत्रात नेमक्या कोणत्या योजनेला अपात्र, हे ठळक लिहिणे हे कार्यालयाचे किमान कर्तव्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रमाणपत्रावरची आणखी एक ओळ घाईत सुटते: पुनर्तपासणीची. अवस्था सुधारण्यासारखी आहे की नाही, पुन्हा तपासणी हवी का, हवी असल्यास किती वर्षांनी, हे त्यावर लिहिलेले असते. मुदतीचे प्रमाणपत्र असेल तर त्या तारखेनंतर अनुदान थांबणे हा नवा निर्णय नसतो, जुन्या कागदाची मुदत संपलेली असते. अशा वेळी अपील करण्यात वेळ घालवू नये, तपासणीची तारीख घ्यावी. 2024 साली बनावट प्रमाणपत्रांचा प्रश्न देशभर गाजला. त्यानंतर पडताळणीच्या नोटिसांचे प्रमाण वाढले, आणि खऱ्या दिव्यांगांनाही ‘हजर राहा’ अशी पत्रे आली. पडताळणीची नोटीस म्हणजे आरोप नव्हे. पण भाषा अशी असते की वाचणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्यासारखे वाटते. फसवणुकीने लाभ घेणाऱ्याला कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, हे कलम खरे. ते प्रत्येक साध्या पत्राच्या तळाशी छापायची मात्र गरज नाही.

मंडळाने प्रमाणपत्र नाकारले तर कारण लेखी द्यायचे, असे केंद्राच्या 2017 च्या नियमांत सांगितले आहे. मंडळाच्या निर्णयाविरुद्ध अपिलाची तरतूद अधिनियमाच्या कलम 59 मध्ये आहे. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत: प्रमाणपत्रासाठी कलम 58, अपिलासाठी 59. अर्जाच्या पहिल्या ओळीत कलम लिहिले की कागद टपालाच्या ढिगातून बाहेर निघतो, हा कार्यालयांशी पडलेल्या गाठीतून आलेला अनुभव अनेक कार्यकर्ते सांगतात.

दुसरा निर्णय महसुली. इथे आकडे कमी, पण बोचरे. संजय गांधी योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा 50,000 रुपये आहे, इतर घटकांसाठी ती 21,000. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये. म्हणजे घरातल्या एका माणसाने वर्षात साधारण 160 दिवस रोजगार हमीवर काम केले तरी दिव्यांग सदस्याच्या अनुदानाची मर्यादा गाठली जाते. ‘उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त’ असे पत्र आले, तर त्यात कुणाचे उत्पन्न धरले, किती धरले, कोणत्या वर्षाचे, हे विचारायलाच हवे. वेगळा राहणारा भाऊ, लग्न होऊन गेलेली बहीण, शिधापत्रिकेवर नाव राहून गेलेला पुतण्या यांची मिळकत मोजली गेली असेल तर ती दुरुस्त होऊ शकते. पण त्यासाठी ती मोजली गेली, हे आधी कळायला हवे. रहिवासाचेही तसेच आहे: किमान 15 वर्षांचा महाराष्ट्रातला रहिवास लागतो. बेळगाव, बिदर किंवा इंदूरकडून लग्न होऊन इकडे आलेल्या दिव्यांग बाईला ‘रहिवासी पुरावा अपुरा’ एवढेच कळवले जाते. पुरावा अपुरा म्हणजे वर्षे कमी पडली, की वर्षे पूर्ण असून कागद कमी पडला? पहिल्यात काहीच करता येत नाही, दुसऱ्यात सगळेच करता येते.

‘त्रुटी’ हा शब्द इथेच ओळखून ठेवावा. त्रुटीचे पत्र म्हणजे नामंजुरी नव्हे, कागद पुरा करा एवढाच त्याचा अर्थ. पण त्रुटी वेळेत भरली नाही तर प्रकरण ‘दप्तरी दाखल’ होते, म्हणजे फाइल बंद. त्यानंतर बहुधा नवा अर्ज, नवा क्रमांक, नवी वाट पाहणी. त्रुटीच्या पत्राची तारीख म्हणून सर्वांत महत्त्वाची.

तिसऱ्या निर्णयाचे तर पत्रही येत नाही. मंजुरी झालेली असते, यादीत नाव असते, पैसे येत नाहीत. थेट लाभ हस्तांतरणात पैसे आधार क्रमांकाच्या पाठोपाठ जातात आणि जे खाते सर्वांत शेवटी राष्ट्रीय देयक महामंडळाच्या नोंदीत आधारशी जोडले गेले त्या खात्यात पडतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिलेली असणे आणि ही नोंद झालेली असणे, यांत फरक आहे. बँकेतला माणूस ‘आधार लिंक आहे’ म्हणतो, तहसीलमधला ‘आधार लिंक नाही’ म्हणतो, आणि दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात. कधी मधल्या काळात दुसऱ्याच बँकेत उघडलेल्या शून्य शिलकीच्या खात्यात सहा महिन्यांचे पैसे पडून असतात. हयातीचा दाखला वर्षाला द्यायचा राहिला, तरी पैसे थांबतात. बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची ओळख ज्यांची पटत नाही त्यांची वेगळीच कोंडी आहे. 30 एप्रिल 2025 रोजी प्रज्ञा प्रसून यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल ओळखपडताळणी दिव्यांगांना वापरता येईल अशी करण्याचे निर्देश दिले आणि डिजिटल सुविधा मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. हा निकाल तालुक्याच्या खिडकीपर्यंत पोहोचायला हवा.

आता कायद्याकडे वळू. निर्णयाचे कारण मागणे ही मेहरबानी मागणे नव्हे. प्रशासकीय निर्णयाला कारणे द्यावीत, हे सर्वोच्च न्यायालयाने एस. एन. मुखर्जी प्रकरणात 1990 साली नीट मांडले. 2012 साली उरणच्या नगराध्यक्षांच्या अपात्रतेवरून गेलेल्या रवी यशवंत भोईर विरुद्ध जिल्हाधिकारी, रायगड या प्रकरणातही कारणांवर भर दिला गेला. आणि पत्र वाचणाऱ्याला सर्वांत उपयोगी आहे 1977 चा मोहिंदरसिंग गिल प्रकरणाचा निकाल: आदेशाची परीक्षा त्या आदेशात लिहिलेल्या कारणांवरच होते, नंतर शपथपत्रातून नवी कारणे जोडता येत नाहीत. याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. पत्रात ‘उत्पन्न जास्त’ लिहिले असेल आणि तुम्ही ते खोडून काढले, तर सुनावणीत ‘तसे रहिवासाचाही प्रश्न होता’ असे म्हणणे कार्यालयाला सोपे राहत नाही. म्हणून पत्रातला कारणाचा शब्द जसाच्या तसा आपल्या अर्जात उतरवून त्यालाच उत्तर द्यावे. आपली सगळी हकिकत सांगण्याचा मोह आवरावा.

माहितीचा अधिकार अधिनियम 2005 मध्ये एक दुर्लक्षित कलम आहे, 4(1)(घ). निर्णयाने ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना प्रशासकीय निर्णयाची कारणे द्यायची, असे ते कार्यालयांना सांगते. त्याच कायद्यात माहिती नाकारणाऱ्या पत्रात कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकारी या तिन्ही गोष्टी लिहिणे बंधनकारक आहे. माहिती नाकारताना जे लिहावे लागते, ते दिव्यांग माणसाचे अनुदान नाकारताना का लिहिले जात नाही? या प्रश्नाला मला समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. 2015 चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमही अधिसूचित सेवा नाकारताना लेखी कारणाची अपेक्षा करतो आणि पहिल्या अपिलाला 30 दिवस देतो.

ऑक्टोबर 2024 मध्ये ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या प्रकरणात, जे मुंबई उच्च न्यायालयातून वर गेले होते, सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशाबाबत म्हटले की केवळ टक्केवारीच्या आकड्यावरून उमेदवाराला बाद करता येणार नाही. अभ्यासक्रम पूर्ण करण्यात अपंगत्व खरोखर आड येते का, हे मंडळाने नोंदवावे आणि अपात्र ठरवत असल्यास कारणे द्यावीत. प्रकरण प्रवेशाचे होते, अनुदानाचे नव्हे. पण मंडळाने आकडा लिहून थांबायचे नाही, हे तत्त्व तालुक्याच्या पातळीवर वापरण्याजोगे आहे.

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेत 1970 साली गोल्डबर्ग विरुद्ध केली या निकालात न्यूयॉर्कमधल्या गरिबांची मदत बंद करण्याआधी वेळेवर, कारणांसह सूचना आणि सुनावणी हवी, असे ठरले. सहाच वर्षांनी मॅथ्यूज विरुद्ध एल्ड्रिज या प्रकरणात त्याच न्यायालयाने अपंगत्वाच्या भत्त्यासाठी मात्र आधी प्रत्यक्ष सुनावणीची गरज नाही, कागदपत्रांवर निर्णय चालेल, असे म्हटले. म्हणजे ज्याला बोलून समजावणे सर्वांत गरजेचे, त्याच्या वाट्याला कागदच आला. ब्रिटनमध्ये 2013 पासूनच्या वैयक्तिक स्वावलंबन भत्त्याचे पत्र पानेच्या पाने असते. स्वयंपाक, अंघोळ, चालणे अशा प्रत्येक कामाला किती गुण दिले, ते त्यात असते. आठ गुणांना साधा दर, बारा गुणांना वाढीव दर. फेरविचारासाठी एक महिना, मग न्यायाधिकरण. ते पत्रही लोकांना कळत नाही अशा तक्रारी आहेतच, आणि न्यायाधिकरणापर्यंत जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जिंकत आले आहेत, यावरून मूळ निर्णयांची अवस्था कळते. तरी तिथल्या माणसाला निदान भांडायचे कशावर हे कळते. आपल्याकडे गुण नाहीत, तक्ता नाही, रकाना नाही.

कार्यालयाची बाजूही पाहायला हवी. निराधार शाखेत एखादा अव्वल कारकून, एखादा ऑपरेटर आणि शेकडो प्रकरणे असतात. बैठक कधी लागेल ते समितीवर अवलंबून. जुन्या पत्राचा नमुना उघडायचा, नाव बदलायचे, छापायचे. पण कामाचा बोजा हे अर्धेच कारण आहे. मोघम लिहिलेले सुरक्षित असते, ही सरकारी कामातली जुनी शिकवण आहे. नेमके कारण लिहिले की ते तपासता येते. ‘निकषांत बसत नाही’ हे वाक्य कुणालाच चुकीचे ठरवता येत नाही, म्हणूनच ते इतके टिकले. दिव्यांग कल्याणासाठी महाराष्ट्राने 3 डिसेंबर 2022 रोजी स्वतंत्र विभाग स्थापन केला. त्या विभागाने एक पानाचा सक्तीचा नमुना काढला तर खर्च काहीच येत नाही. योजनेचे नाव, निर्णय, न पटलेली अट, त्या अटीसाठी तपासलेला कागद आणि त्यातला आकडा, काय दिल्यास निर्णय बदलू शकेल, अपिलाचा अधिकारी, पत्ता आणि शेवटची तारीख. ‘आपल्या कुटुंबाचे उत्पन्न तहसीलदारांच्या दाखल्यानुसार 62,000 रुपये आहे, मर्यादा 50,000 आहे, दाखल्यात चूक असल्यास अमुक तारखेपर्यंत कळवा’, एवढे लिहायला कारकुनाला अडीच ओळीच लागतात.

तोवर हातात जे पत्र आहे त्याचे काय करायचे? पाकीट फेकू नये. पत्रावरची तारीख आणि टपालाचा शिक्का यांत कधी कधी दोन-तीन आठवड्यांचे अंतर असते आणि मुदतीच्या वादात तो शिक्काच कामी येतो. कारण नसेल तर माहिती अधिकारात समितीच्या त्या बैठकीचे इतिवृत्त आणि आपल्या प्रकरणावरच्या टिपणीची प्रत मागावी. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही नाही, उत्तराला 30 दिवस. महाराष्ट्रात अशा अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून तक्रार आणि माहितीची मागणी एकाच कागदावर मिसळू नये. मात्र माहितीची वाट पाहताना अपिलाची मुदत थांबत नाही. ‘सविस्तर कारणे मिळाल्यावर पुरवणी म्हणणे देईन’ असे लिहून अपील आधी दाखल करावे आणि दुय्यम प्रतीवर पोच घ्यावी. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांकडे लोकशाही दिन असतो, पण अपील सोडून फक्त तिथे जाणे धोक्याचे. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेच्या पाच टक्के दिव्यांग निधीची फाइल वेगळी असते. तहसीलच्या नकाराने ती संपत नाही. वकील हवा असल्यास विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 नुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचे कार्यालय असते, 15100 हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो.

एक गोष्ट मात्र फार थोडे लोक मागतात. अंध माणसाला छापील पत्र पाठवायचे, बौद्धिक अक्षमता असलेल्याच्या नावाने ‘उपरोक्त संदर्भान्वये’ लिहायचे, कर्णबधिराला फोन करून चौकशीला बोलवायचे, हे रोज होते. 2016 च्या अधिनियमातल्या संवादाच्या व्याख्येत ब्रेल, मोठी अक्षरे, ध्वनिमुद्रण, सांकेतिक भाषा, सोपी भाषा आणि वाचून दाखवणारा माणूसही आहे. तेव्हा मूळ अर्जाच्या शेवटीच एक ओळ घालावी: ‘मला निर्णय मोठ्या अक्षरांत आणि सोप्या मराठीत कळवावा’, किंवा ब्रेलमध्ये, किंवा कार्यालयात वाचून दाखवून. नकार आला तर तो लेखी मागावा. त्या नकाराविरुद्धची तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, पुण्याला, स्वतंत्रपणे करता येते, आणि चौकशीत आयुक्तांना साक्षीदार व कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात.